दहावीच्या तोंडावर नव्हे, तिसरीपासूनच तपासणी हवी

महोदय,

दहावीचे अर्ज भरण्याचे दिवस जवळ आले की अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन वा गणितात सतत येणाऱ्या अडचणीच्या, प्रमाणपत्रासाठी पालकांची धावपळ सुरू होते. वाढीव वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलती राज्य मंडळ देते आणि त्या रास्तच आहेत. परंतु मुलाला वाचता-लिहिताना नेमकी कशाची अडचण येते हे नववी उलटल्यावर कळत असेल, तर आधीच्या आठ-नऊ वर्षांत त्याने वर्गात जे सोसले त्याची भरपाई वाढीव वेळेने होत नाही.

कायद्यात यासाठी तरतूद नाही, असे मुळीच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याची जबाबदारीही त्यात सांगितली आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर तिसरीच्या सुमारास शाळेनेच प्राथमिक तपासणी करावी, त्यासाठी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी आणि १४ व्या व १८ व्या वर्षी मुलाची पुन्हा तपासणी व्हावी, असे म्हटले होते. अशी समिती प्रत्यक्षात किती शाळांत बसते, हे शिक्षण विभागाने एकदा जाहीर करावे.

मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. ‘पतंग’ला ‘पंतग’ लिहिणारा, ‘ध’ आणि ‘घ’ यांत दरवेळी अडखळणारा, पण तोंडी विचारले तर बाजारातला हिशेब चटकन सांगणारा मुलगा जवळजवळ प्रत्येक वर्गात असतो. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे ‘वाचनाचा सराव आवश्यक’ असा शेरा पडतो. चौथीपर्यंत तो चाचणीच्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहू लागतो आणि सहावीत खोडकर म्हणून गाजतो. त्याला कमी दिसते का, कमी ऐकू येते का, घरची बोली आणि पुस्तकाची मराठी यांतले अंतर त्याला पेलत नाही का, की खरोखरच अध्ययन अक्षमता आहे, हे शिक्षकाने अंदाजाने ठरवायचे नसते आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात आणि त्यांच्या यादीत अध्ययनविषयक अडचणींचाही समावेश आहे. तरीही भर वजन-उंची, दात आणि डोळ्यांवरच राहतो. तालुका पातळीवरील गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना या पथकांशी जोडून दिले, तर निदान पहिली पायरी तरी तालुक्यातच पार पडेल आणि मजुरी बुडवून जिल्ह्याच्या रुग्णालयात खेटे घालणे बऱ्याच पालकांना टळेल.

या निदानात वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांचाही विचार व्हायला हवा. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर केले. काम मोठेच होते, आणि त्या परंपरेतली चाचणी आजही वापरात आहे. मात्र आजच्या ग्रामीण व शहरी मराठी मुलांवर प्रमाणित केलेल्या वाचन-लेखनाच्या चाचण्या सर्व जिल्ह्यांत सहज उपलब्ध असणे ही काही चैन नव्हे. शिवाय सातव्या-आठव्या वर्षी काढलेला बुद्ध्यंक मुलाला जन्मभर चिकटवू नये. पुनर्तपासणीची गरज सवलतींपेक्षाही त्यासाठी अधिक आहे.

एक साधी सुधारणा मात्र लगेच करता येईल. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाते, तेव्हा त्याच्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला जातो. त्यात ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ यांपुढे बहुधा एकेक शब्द असतो. शिक्षकांनी चार वर्षे टिपलेली निरीक्षणे आणि झालेल्या तपासण्यांचे अहवाल मात्र जुन्या शाळेच्या कपाटातच राहतात. पालकांच्या लेखी संमतीने ही कागदपत्रे बंद पाकिटात थेट नव्या मुख्याध्यापकांकडे पाठवावीत आणि वर्गात त्यांची वाच्यता होऊ नये, असे परिपत्रक शिक्षण विभागाने येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी काढावे.

— एक प्राथमिक शिक्षिका, जि. सोलापूर