काँग्रेसमनसाहेब, मी मत कळवलं नव्हतं, मुलाबद्दल लिहिलं होतं

माननीय काँग्रेसमनसाहेब,

नमस्कार. गणपतीत इथे अमेरिकेत मंडळाच्या हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत तुम्हाला भेटले ती मी. माझे दोन्ही हात धरून तुम्ही म्हणालात, ऑफिसला कागद पाठवा, मी स्वतः बघतो. पाठवले, तीनदा. परवा उत्तर आलं, "बंदुकांच्या प्रश्नावर आपलं मत कळवल्याबद्दल आभार." खाली छापील सही. म्हणून आता मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय, त्या हॉलमधले लोक तरी वाचतील.

माझा मुलगा निर्दोष आहे असं मी कधीच म्हटलं नाही. २०१२ मध्ये, वीस वर्षांचा असताना, तो आणि त्याचा मित्र एका रात्रीत दोन दुकानांत शिरले. पहिल्यात गल्ला नेला, दुसऱ्यात मालकाने आरडाओरडा केला तसे रिकाम्या हाताने पळाले. पिस्तूल मित्राच्या हातात होतं, गोळी सुटली नाही. तरी काउंटरमागच्या माणसाचं त्या क्षणी काय झालं असेल ते मला कळतं, मी स्वतः सहा वर्षं गल्ल्यावर रात्रपाळी केलीय. शिक्षा व्हायलाच हवी होती.

पण किती? कलम ९२४(सी), गुन्ह्यात बंदूक असली की वेगळी शिक्षा लावणारं फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्यातलं कलम. पिस्तूल दाखवलं म्हणून पहिल्या दुकानाची ७ वर्षं, आणि दुसरं दुकान त्याच रात्रीचं, त्याच खटल्यातलं असूनही "दुसऱ्यांदा केलेला गुन्हा" धरून २५. एक संपली की दुसरी सुरू. ३२ वर्षं, लुटीची वेगळी, आणि फेडरलमध्ये पॅरोल, म्हणजे शिक्षा संपायच्या आधी सुटका, नाही. जज म्हणाले कायद्याने माझे हात बांधलेत. मग कोर्टात जज बसवता कशाला? आकडा तर सरकारी वकिलाने आरोपपत्र लिहितानाच ठरवला होता. आधी गुन्हा कबूल कर म्हणाले, याने खटला लढवला, त्याची किंमत ही. या देशात फेडरल खटल्यात शंभरातले नव्वदहून जास्त लोक गुन्हा कबूलच करतात ते काय उगाच?

डिसेंबर २०१८ मध्ये तुमच्याच काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, हे बदललं. आता एकाच खटल्यात हे कलम दोनदा लागलं तरी दुसऱ्याला २५ लागत नाहीत. पण ज्यांना आधीच शिक्षा झाली त्यांना हा बदल लागू नाही, त्यांनी बसायचं आत.

मग जून २०२२, टेलर खटला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, लुटीचा नुसता प्रयत्न या कलमापुरता हिंसक गुन्हा ठरत नाही. म्हणजे आमचं दुसरं दुकान, ती २५ वर्षं, गेलीच की! त्या रात्री मी देवासमोर बसून ढसाढसा रडले. पण शिक्षा रद्द करा म्हणून त्याच कोर्टात करायचा कलम २२५५ चा अर्ज एरवी एकदाच करता येतो आणि तो आमचा २०१५ लाच फेटाळलेला, म्हणून वकिलाने दुसऱ्या वाटेने, कैद बेकायदा आहे असं सांगणारा कलम २२४१ खाली अर्ज टाकला. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा जोन्स विरुद्ध हेंड्रिक्सचा निकाल आला, सहा जज विरुद्ध तीन, आणि ती वाटही बंद. जे या कलमाखाली गुन्हाच नाही त्यासाठी माणूस आत, आणि ते ऐकून घ्यायला कोर्टाला दारच नाही. हा कुठला न्याय, सांगा ना तुम्ही!

२०२१ मध्ये याचे बाबा गेले. फोन पंधरा मिनिटांचा, शेवटच्या मिनिटाला बीप वाजतो, त्या बीपमध्येच मी त्याला सांगितलं. मी महिन्यातून एकदा पेन्सिल्व्हेनियाला तुरुंगात त्याला भेटायला जाते, साडेचार तास गाडी, पारदर्शक पिशवीत तिथल्या खाण्याच्या मशीनसाठी सुट्टी नाणी, कारण घरचं काही नेता येत नाही, पुरणपोळीही नाही. मशीनमधला बर्गर मी गरम करून आणते. मशीनजवळ जायची त्याला परवानगी नाही, तो खुर्चीतच बसून राहतो. माझे गुडघे गेलेत, मी अजून किती वर्षं येऊ शकेन याचा हिशोब तो करतो, मला कळतं ते.

मला दोनच गोष्टी हव्यात. २०१८ चा बदल जुन्या शिक्षांना लागू करा, आणि २२५५ मध्ये दुरुस्ती करून जोन्सने बंद केलेलं दार कायद्यानेच उघडा. तुमचं कामच ते आहे. फोटोत आरती धरता तसं हेही धरा हातात.

छापील पत्र आता पाठवू नका. वीस मिनिटं द्या, तीन फायली आहेत, मी घेऊन येते.

तुमच्या मतदारसंघातली एक आई