पोटात राहिलेले वृषण आणि 'दोषाचे जनुक'

माननीय संपादक,

डुकरांच्या न उतरलेल्या, म्हणजे वृषणकोशात न येता पोटातच राहिलेल्या वृषणात संप्रेरकांशी संबंधित जनुके कमी किंवा जास्त व्यक्त होतात (म्हणजे कमी-जास्त काम करतात), असे निष्कर्ष संशोधनातून पुढे येतात आणि वराहपालकांपर्यंत पोहोचेतो त्यांचे 'दोषाचे जनुक सापडले' असे होऊन जाते. गोव्यातील वराहपालकांबरोबर अनेक वर्षे काम केलेला पशुवैद्यक या नात्याने मला या घाईची चिंता वाटते, कारण उद्या चाचणी येईल या आशेवर पालक आज हाताशी असलेला उपाय सोडून देतात.

डुकराच्या सुमारे 114 दिवसांच्या गर्भकाळात वृषणे मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास वृषणकोशात पोहोचतात. पहिल्या टप्प्यात वृषणातील लायडिग पेशी आयएनएसएल-3 हे संप्रेरक स्रवतात. त्यामुळे वृषणाच्या खालच्या टोकाचा गुबरनॅक्युलम हा बंध फुगून जाड होतो आणि वृषणाला जांघेच्या तोंडाशी धरून ठेवतो. तेथून पुढचा प्रवास मुख्यतः टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकाच्या प्रभावाखाली होतो. आयएनएसएल-3 ची जनुकीय ओळख 1993 मध्ये प्रथम डुकराच्याच वृषणातून पटली, तर हे जनुक निकामी केलेल्या उंदरांची दोन्ही वृषणे पोटातच राहतात, हे 1999 मध्ये दिसून आले. असे असले तरी, वृषण न उतरण्याचा हाच दोष असलेल्या मुलांपैकी फार थोड्यांमध्येच या जनुकात किंवा त्याच्या ग्राहीच्या (संप्रेरकाचा संकेत टिपणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकात बिघाड सापडतो. एकाच जनुकावर बोट ठेवण्याआधी याचा विचार व्हायला हवा.

खरी अडचण मोजणीत आहे. खच्चीकरण करताना पिलाच्या एका बाजूला काहीच हाताला लागले नाही आणि पुढे पोट उघडले, की आतले वृषण बाहेरच्यापेक्षा लहान, मऊ आणि फिकट निघते. शुक्रजंतू तयार होण्यासाठी वृषण शरीरापेक्षा काही अंशांनी थंड राहावे लागते. पोटातल्या उष्णतेत शुक्रजंतूंच्या पूर्वपेशी नष्ट होत जातात, लायडिग पेशी मात्र टिकून राहतात. अशा वृषणाचा तुकडा घेऊन त्यातील आरएनए (जनुक किती काम करते हे दाखवणारा रेणू) मोजला, तर लायडिग पेशींची जनुके वाढलेली दिसू शकतात, आणि त्याचे कारण एवढेच असू शकते की उरलेल्या ऊतीत त्या पेशींचा वाटा वाढला आहे. उलट एखादे जनुक मंदावलेले दिसले, तरी ते वृषण न उतरण्याचे कारण आहे की महिनोन्‌महिने उष्णतेत राहिल्याचा परिणाम, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. एकाच बाजूचे वृषण अडकलेल्या नरात दुसरे, उतरलेले वृषण तुलनेला मिळते आणि दोघांनाही रक्तातून येणारे संकेत तेच असतात; म्हणून त्यांतील फरक बराचसा जागेचा आणि तापमानाचा असण्याची शक्यता अधिक. कारण शोधायचे असेल तर वृषण उतरण्याच्या आधीच्या आणि उतरतानाच्या दिवसांतले गर्भ तपासायला हवेत. हे काम खर्चिक आणि किचकट आहे, याची मला जाणीव आहे. तरीही त्यावाचून कारणाची भाषा वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या कामाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. उंदराची वृषणे जन्मानंतर खाली येतात, डुकराची मात्र माणसाप्रमाणे बव्हंशी जन्मापर्यंत उतरलेली असतात. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या दर शंभर मुलग्यांत दोन ते चार जणांना असणारा हा दोष समजून घेण्यासाठी डुक्कर हा अधिक जवळचा प्राणी आहे.

आता पालकांच्या हातातले. एकच वृषण उतरलेला नर बहुधा प्रजननक्षम असतो, आणि दिसायला दांडगा असला की त्याला गोठ्यात ठेवण्याचा मोह होतो. पण वृषण न उतरण्याचा कल आनुवंशिक आहे. आई स्वतः काही दाखवत नाही, पण तोच कल पिलांकडे सोपवते. म्हणून दोष दिसलेला नर प्रजननातून काढावाच, शिवाय त्याचे आईबाप आणि भावंडेही नोंदवहीत यावीत. अगोंदा गोवन या आपल्या नोंदणीकृत स्थानिक जातीसारख्या छोट्या कळपात, जेथे मोजक्या नरांवर अनेक माद्यांचे प्रजनन चालते, तेथे एका नराची चूक गावभर पसरते. खच्चीकरणात पोटातले वृषण राहून गेले, तर ते टेस्टोस्टेरॉनबरोबर अँड्रोस्टेनोन हे उग्र वासाचे द्रव्यही तयार करीत राहते आणि मांस शिजायला ठेवताच त्याचा वास स्वयंपाकघरात पसरतो. ज्याने 'खच्ची केलेला' म्हणून जनावर विकले, त्याचे गिऱ्हाईक त्या दिवशी तुटते.

संशोधकांना माझी विनंती आहे की निष्कर्ष मांडताना वृषण कोणत्या वयाचे, कोठे अडकलेले आणि त्यात कोणत्या पेशी किती उरल्या होत्या, हे आकड्यांच्या शेजारीच सांगावे. पशुसंवर्धन खात्याने प्रजननासाठी नर देताना दोन्ही वृषणे हाताने तपासल्याची नोंद सक्तीची करावी आणि प्रत्येक वेतातील पिलांच्या कानाला खाच पाडतानाच दोन्ही बाजू चाचपून पाहण्याची सवय पालकांना लावावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक, म्हापसा (गोवा)