मेसेज कुठला आहे, हे आवाजावरून कळू द्या

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

मोबाइलविषयी हल्ली जो तो एकच सल्ला देतो: नोटिफिकेशन बंद करा, फोन सायलेंटवर टाका, शांत राहा. ज्यांच्यामागे ऑफिसच्या ग्रुपचा ससेमिरा आहे त्यांना तो सल्ला लागू पडत असेल. सत्तरी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांच्या घरात मात्र फोन मुका करून चालत नाही. मुलगा परगावी, पेन्शन बँकेत, गॅस सिलिंडर द्यायला आलेला माणूस दारातच ओटीपी मागतो आणि रक्ताचे रिपोर्टही फोनवरच येतात. आवाज असू द्या, पण ते वेगवेगळे असू द्या, एवढंच मला सांगायचं आहे. आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात त्यासाठी थोडी जागा द्यावी.

मी तार खात्यात टेलिग्राफिस्ट होतो. १९७४ साली नोकरीला लागलो तेव्हा खोलीत कितीतरी साउंडर, म्हणजे तारेचे ठोके ऐकवणारी यंत्रं, एकदम कट्ट-कडकट्ट करत असायचे. बाहेरून आलेल्या माणसाला तो नुसता कलकलाट वाटे. पण प्रत्येक तार ऑफिसची ठरलेली हाक असायची. आपली हाक वाजली की हातात चहाचा कप असो, शेजारच्याशी गप्पा चाललेल्या असोत, कान बरोबर तिकडे जायचा. इतरांच्या हाका कानावर पडत, पण त्यांचा त्रास होत नसे. दुसरी गोष्ट याहून मोलाची. तार मृत्यूची किंवा गंभीर आजाराची असली की तिला ‘एक्सएक्स’ अशी खूण असे. मजकुराचा पहिला शब्द उतरवून घेण्याआधीच कळायचं की ही तार थांबवायची नाही. दिवाळीच्या शुभेच्छा, मालाचे भाव, येण्याजाण्याच्या वर्द्या, सगळं तिच्या मागून. तारवाला मग रात्री-अपरात्रीही सायकल काढायचा.

१४ जुलै २०१३ ला तारसेवा बंद झाली. तोवर मी निवृत्त झालो होतो. मोर्स, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांची तारेची लिपी, तर त्याच्याही आधी टेलिप्रिंटरनं मागे टाकली होती. त्याचा शोक करायला हे पत्र लिहीत नाही. मेसेज वाचण्याआधी त्याचा वर्ग कळावा, ही जी सोय आमच्याकडे होती, ती आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये सहज होण्यासारखी आहे आणि तरीही होत नाही, म्हणून लिहितो आहे.

पूर्वीच्या नोकिया फोनवर मेसेज आला की तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड असं वाजायचं. पुष्कळांना ती ‘एसओएस’ ही संकटाची हाक वाटे. एसओएसमध्ये मधले लांब ठोके तीन असतात, इथे दोनच होते. म्हणजे एस, एम, एस. त्या टोनचं नाव ‘स्पेशल’. त्याच फोनमध्ये ‘असेंडिंग’ नावाचा आणखी एक टोन होता, त्यात ‘कनेक्टिंग पीपल’ हे कंपनीचं पूर्ण घोषवाक्य मोर्समध्ये वाजायचं. बसमध्ये कुणाच्या तरी खिशातून ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! मेसेजचा आवाज ही अर्थ असलेली खूण आहे, हे तो टोन बनवणाऱ्याला माहीत होतं.

आता शेजारची हकीकत सांगतो. आमच्याच खात्यातून निवृत्त झालेले एक लाइनमन शेजारी राहतात. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यांनी तो एका सेवा केंद्रात जाऊन ऑनलाइन भरला, बोटाचा ठसा दिला आणि निर्धास्त झाले. केंद्रवाल्यानं पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या, क्रमांकातला एक आकडा चुकवला होता. दाखला नामंजूर झाल्याचा मेसेज रीतसर आला होता. पण त्या दिवशी फोनवर प्लॉटची जाहिरात, सोनेतारण, रमी, कानातल्या मशीनवर सवलत, सगळं त्याच एका ‘टिंग’ आवाजात आलं. दिवसभर टिंग ऐकून ऐकून माणूस फोनकडे बघायचं सोडून देतो. यांचंही तसंच झालं. पेन्शन जमा झाली नाही तेव्हा मुलीनं मेसेज मागे मागे सरकवत तो शोधून काढला. यात त्यांचा काय दोष? जाहिरातीला आणि पेन्शनला फोननं एकच आवाज दिला होता.

यावर कुणी म्हणेल, १९०९ या क्रमांकावर ‘स्टार्ट ०’ असा मेसेज पाठवा आणि जाहिराती बंद करा. जरूर पाठवावा, मीही पाठवला आहे. मेसेज कमी होतात, संपत नाहीत. शिवाय आपणच खातं उघडलेल्या बँका आणि दुकानं कधीतरी घेतलेल्या संमतीच्या आधारावर पाठवत राहतात.

खरी सोय दुसरीकडे आहे, आणि ती पुष्कळांच्या नजरेतून सुटली आहे. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्था, हिच्या नियमानुसार २०२५ पासून अशा व्यावसायिक मेसेजच्या पाठवणाऱ्याच्या नावाला शेवटी एक इंग्रजी अक्षर जोडलेलं असतं. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी. आपल्या फोनमध्ये बघा, बँकेच्या नावापुढे आडवी रेघ आणि अक्षर दिसेल. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमची एक्सएक्सच आठवली. मेसेजच्या कपाळावर त्याचा वर्ग लिहिलेला आहे! पण तो डोळ्यांसाठी. कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण त्या अक्षराप्रमाणे टोन लावायची सोय मी पाहिलेल्या एकाही फोनमध्ये नाही. माझी मागणी एवढीच आहे. मेसेजच्या अ‍ॅपमध्ये चार ओळी द्या: पी, एस, टी, जी. प्रत्येकीसमोर टोन निवडायची सोय द्या. ‘पी’ला मी आवाजच देणार नाही, बाकीच्यांना हवे ते देईन. अक्षर आधीच येतं आहे, फोननं ते नुसतं वाचायचं आहे.

एकेका पाठवणाऱ्याला वेगळा टोन लावता येतो की, असं माझा नातू म्हणाला. खरं आहे. अँड्रॉइडच्या मेसेज अ‍ॅपमध्ये तो संवाद उघडायचा, वरच्या तीन टिंबांतून तपशिलात जायचं, तिथून नोटिफिकेशन आणि मग साउंड. पण बँकेचा मेसेज एकाच नावानं येत नाही. नावाआधीची दोन अक्षरं बदलतात. त्यातलं पहिलं मोबाइल कंपनीचं, दुसरं विभागाचं. आज ‘एडी’, उद्या ‘व्हीएम’, परवा ‘जेडी’. फोन प्रत्येकाचा वेगळा संवाद धरतो. एकाला टोन लावला की पुढचा मेसेज दुसऱ्या नावानं येतो आणि पुन्हा टिंग. म्हणूनच शेवटच्या अक्षरावरून टोन ठरायला हवा.

माणसांच्या बाबतीत मात्र आजही चांगली सोय आहे आणि ती वापरली पाहिजे, असा मी भेटेल त्याला आग्रह करतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एखाद्याचा चॅट उघडून वरच्या नावावर बोट ठेवलं की खाली नोटिफिकेशनची ओळ दिसते, तिथे त्या व्यक्तीपुरता टोन बदलता येतो. ग्रुपचा टोन सेटिंगमध्ये वेगळा असतो. तो ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, करून टाकावा. सुप्रभातची फुलं दुपारी पाहिली तरी कोमेजत नाहीत. आयफोनमध्ये संपर्काच्या नावातच टेक्स्ट टोन निवडता येतो, आणि स्वतः बोटानं ठोके देऊन थरथरीचा नमुनाही तयार करता येतो. अँड्रॉइडमध्ये स्वतः रेकॉर्ड केलेला आवाजही चालतो. छोटी फाइल फोनमधल्या ‘नोटिफिकेशन्स’ या फोल्डरमध्ये ठेवली की ती टोनच्या यादीत येते.

माझी थोरली बहीण माई कराडला एकटी असते. तिच्यासाठी मी पितळी तबकावर चमच्याच्या दांड्यानं दोन लांब ठोके वाजवून रेकॉर्ड केले. मोर्समध्ये ‘एम’. तबकाला नाद असतो, म्हणून पहिला ठोका बोटानं दाबून थांबवावा लागला, नाहीतर दुसरा त्यात मिसळून जात होता. आता माईचा मेसेज आला की मी अंघोळीला असलो तरी मला कळतं.

पण स्वतःच्या कानाला चांगला वाटणारा टोन दुसऱ्याच्या कानाला ऐकू येतोच असं नाही, आणि हे कुणी सांगत नाही. वय झालं की आधी उंच, बारीक सूर जातात. आमच्या सौ.ची श्रवणचाचणी केली तेव्हा डॉक्टरांनी आलेख दाखवला. डावीकडे, खालच्या सुरांपाशी रेघ जवळपास सपाट होती आणि उंच सुरांकडे उताराला लागली होती. फोनबरोबर येणारे बरेचसे टोन याच उतारावरचे, काचेवर नख वाजवावं तसे. फोन बिघडला आहे असं ती म्हणायची. फोन चांगला होता, तो टोन तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. मग एका दुपारी ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिली, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवला आणि मी बाहेरच्या खोलीतून यादीतले टोन एकेक करून वाजवले. घंटी, चिमणी, थेंब, स्फटिक, काहीच नाही. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा एक टोन वाजला आणि आतून लगेच ‘हा, हा ठेवा!’ असा आवाज आला. अगदी खर्जातला सूर फोनच्या इवल्या स्पीकरला पेलत नाही, म्हणून मधला, जाडसर, दोन-तीन ठोक्यांचा टोन निवडावा. आणि फोन सोफ्याच्या गादीवर न ठेवता लाकडी टेबलावर ठेवावा, थरथर टेबलातून ऐकू येते. मुलांनी आईवडिलांना नवा फोन घेऊन दिला की एवढी दहा मिनिटं त्यांच्याबरोबर बसून द्यावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एका आवाजाला मात्र कुणी हात लावू नये. २०२३ साली सरकारनं आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा एकाच वेळी कितीतरी फोन कर्कश वाजले आणि माणसं घाबरली. पण तो आवाज तसाच हवा. पूर आला, वीज पडण्याचा धोका असला, तर सांगलीतल्या आणि चिपळूणमधल्या माणसाला एकच खूण कळली पाहिजे. २०१९ चा कृष्णेचा पूर आम्ही घराच्या गच्चीवरून पाहिला आहे. म्हणून एक विनंती तरुणांना: रुग्णवाहिकेचा भोंगा, सायरन, रडणारं तान्हं बाळ असले आवाज मेसेजला लावू नका. बसमध्ये बायका दचकून मागे बघतात. आणि खरा भोंगा वाजेल तेव्हा ‘कुणाचा तरी मेसेज असेल’ म्हणून लोक बसून राहतील.

लोकांनी मागून काय होणार, असं काहीजण म्हणतात. आयफोनचं उदाहरण ताजं आहे. २०२३ साली कंपनीनं आयओएस १७ या फोनच्या प्रणालीमध्ये नोटिफिकेशनचा जुना तीन सुरांचा आवाज बदलला, नवा आवाज पुष्कळांना ऐकूच येईना आणि तो बदलायची सोयही ठेवली नव्हती. तक्रारी झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या १७.२ मध्ये आवाज निवडायची सोय द्यावी लागली. तेव्हा मागावं, आणि नेमकं मागावं.

ट्रायनं चार अक्षरांचा नियम केला हे उत्तम केलं. आता मेसेज अ‍ॅप बनवणाऱ्यांना आणि फोन कंपन्यांना बोलावून त्या अक्षरांना टोन जोडण्याची सोय करून घ्यावी. हयातीच्या दाखल्याचे, पेन्शनचे मेसेज ‘जी’ किंवा ‘टी’ याच वर्गात जातील याची बँकांकडून खातरजमा करून घ्यावी. आणि आपल्या दैनिकानं ज्येष्ठांच्या पानावर टोन कसा बदलायचा याची चित्रं मराठी सेटिंगसह छापावीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये वाटा वेगळ्या असतात, त्यामुळे एका चित्रात भागणार नाही. नोव्हेंबर उजाडण्याआधी ती छापली तर पेन्शनरांना लगेच उपयोगी पडतील.

आपला,
एक निवृत्त टेलिग्राफिस्ट, सांगली