सुरगाण्याच्या मुलांना विजयदुर्ग दाखवायचा आहे : नाशिककरांना मदतीचं आवाहन

नमस्कार,

पंचवटीतल्या नारोशंकर मंदिराची मोठी घंटा आपण लहानपणापासून पाहत आलो. ती घडवली पोर्तुगिजांनी. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि त्या विजयाची खूण म्हणून ती गोदाकाठी आली. म्हणजे समुद्रावरच्या किल्ल्यांशी नाशिकचं नातं आजचं नाही. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातही बागलाणातला आपला साल्हेर आणि कोकणातला विजयदुर्ग एकाच यादीत आहेत.

दिवाळीनंतर आमचं दुर्गप्रेमी मंडळ पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या आश्रमशाळांमधली 40 मुलं-मुली घेऊन विजयदुर्गला जाणार आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

ही मुलं हातगडावर धावत चढतात. आपण धापा टाकत माथ्यावर पोचतो तोवर यांचं टाक्यातलं पाणी पिऊन झालेलं असतं. त्यांच्या गावाकडच्या नार, पार या नद्या गोदावरीसारख्या पूर्वेला जात नाहीत, त्या अरबी समुद्राला मिळतात. पण यातल्या बहुतेक मुलांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. शाळेच्या पुस्तकात ‘आरमार’ येतं, मुलं ते पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. स्वराज्याची निम्मी गोष्ट पाण्यावर घडली, ती त्यांना पाण्याकाठीच उभं राहून ऐकू द्यावी, एवढीच आमची धडपड आहे.

विजयदुर्गच का, असं काही सभासदांनीही विचारलं. नाशिकहून जंजिरा जवळ पडला असता. पण विजयदुर्गला किल्ला, गोदी आणि बुडालेलं आरमार असं सगळं एका ठिकाणी समजतं. तीन बाजूंनी पाणी, एकामागे एक तीन तट. किल्ल्याजवळच्या समुद्रात पाण्याखाली एक दगडी भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला, तेव्हा लांबी 122 मीटर भरली. शत्रूची गलबतं तिच्यावर आपटून फुटत, असं तिथले लोक सांगतात. गिर्ये गावाजवळ वाघोटणच्या खाडीत मराठ्यांची जुनी गोदी आहे. तिथे मुलांना उतरवून जहाज आत कसं यायचं, डागडुजी कशी व्हायची, ते सांगता येतं.

आणि मग फेब्रुवारी 1756. विजयदुर्ग तेव्हा मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यात होता आणि त्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला उभं होतं. समुद्राकडून ॲडमिरल वॉटसनची इंग्रज जहाजं आली आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. इंग्रजांचा एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. आंग्र्यांनी ते पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून घेतलेलं. ते पेटलं, आग शेजारच्या जहाजांवर गेली आणि सगळं आरमार जळून गेलं. हे आरमार बुडवायला आपल्याच माणसांचा हातभार लागला. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये, जशी घडली तशी सांगावी, असं मंडळाचं मत आहे.

श्रीलंकेत गॉलच्या किल्ल्यातल्या डच वखारीत बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय आहे. 1659 साली ‘ॲव्हन्डस्टर’ नावाचं डच जहाज तिथल्या बंदरात बुडालं. पाणबुड्या संशोधकांनी त्यातल्या वस्तू वर काढल्या. 2004 च्या त्सुनामीने त्या संग्रहालयाची दैना केली, तरी ते पुन्हा उभं राहिलं. विजयदुर्गच्या आरमारासाठीही असं दालन व्हावं ही आमची मनापासून इच्छा आहे, पण ते काम शासनाच्या आवाक्यातलं. आपल्या हातात आहे ते एवढंच की मुलांसोबत एक फिरतं प्रदर्शन न्यायचं. दोन लोखंडी पेट्यांत मावेल असं : गुराब (तोफांचं मोठं लढाऊ जहाज) आणि गलबताच्या लाकडी प्रतिकृती, शिडाचं जाड कापड, सुंभाचे दोर आणि दगडी नांगराचा नमुना. परतल्यावर त्याच पेट्या एकेका आश्रमशाळेत फिरतील. जुन्या नाशकातल्या सुतारकाम करणाऱ्या मंडळींनी या प्रतिकृतींसाठी हात लावला तर फार मोठं काम होईल.

खर्चाचं सांगायचं तर शालेय सहलीसाठी एसटीची प्रासंगिक कराराची गाडी सवलतीत मिळते. उरलेलं भाडं, दोन दिवसांचं जेवण, मुक्काम आणि होडीफेरी धरून एका मुलामागे 3,500 रुपये लागतात, म्हणजे एकूण 1,40,000. त्यातले निम्मे सभासदांनी दिले आहेत, 70,000 रुपये कमी पडतात. पूर्ण एका मुलाचा खर्च उचलता आला तर उत्तम, नाहीतर शंभर रुपयेही आनंदाने घेऊ.

पैशांखेरीज मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट हवी आहेत. होडीत बसताना प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असेल, नसेल तर होडी रद्द, यात तडजोड होणार नाही. सोबत येणारा एक डॉक्टर हवा, मुलींसोबत दोन महिला स्वयंसेवक हव्यात. नौदलातून निवृत्त होऊन नाशकात स्थायिक झालेले कुणी असतील तर त्यांनी जरूर यावं, मुलांना भरती-ओहोटी आणि वारा त्यांच्याइतका नीट कुणी समजावू शकणार नाही. देणगीदारांच्या नावाचे फलक गडावर लागणार नाहीत, हे आधीच सांगतो. हिशेब मात्र सहलीनंतर मंडळाच्या बैठकीत सर्वांसमोर वाचला जाईल.

देणगी आणि वस्तू मंडळाच्या कार्यालयात दररोज संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत स्वीकारल्या जातील. गाडीचे पैसे आगाऊ भरायचे असल्याने रोख मदत दसऱ्यापर्यंत पोचली तर बरं, वस्तू दिवाळीपर्यंत चालतील. पावती जागेवरच मिळेल.

आपले,
दुर्गप्रेमी मंडळाचे सर्व सभासद, नाशिक