पाणी आत येणारच, बाहेर जायची नळी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांची पावसाळ्याआधीची तयारी असा लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. पॉलिश, बॅटरी, वायपर सगळं बरोबर लिहिलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण एका ठिकाणी लिहिलंय की "काचेच्या आजूबाजूच्या सगळ्या फटी सिलिकॉनने बंद करून टाका म्हणजे पाणी आत येणार नाही" आणि ते वाचून मला राहवलं नाही, कारण हाच सल्ला ऐकून आमच्या गाडीचे तीन पावसाळे वाया गेले आणि फरशीचा पत्रा गेला तो वेगळाच.

माझी आणि माझ्या धाकट्या भावाची मिळून एक 1972 ची एमजीबी आहे, उघड्या टपाची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 पर्यंत बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, बंद छताची जीटी धरून 5 लाखांच्या वर बनल्या त्यामुळे दुर्मिळ वगैरे काही नाही, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांना परवडली. तर या गाडीत पाऊस झाला की डाव्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं व्हायचं. आधी थोडं, मग दुसऱ्या वर्षी दाबलं की बुडबुडे यायचे आणि तिसऱ्या वर्षी तर अक्षरशः बूट बुडायचा. टप नवीन टाकलेला, दारांचे रबर नवीन, मग पाणी येतंय कुठून? सगळ्यांनी एकमताने काचेवर बोट ठेवलं. मेकॅनिकने काचेच्या रबरात सिलिकॉन भरलं. पुढच्या वर्षी परत भरलं. तिसऱ्या वर्षी भावाने स्वतः बसून भरलं, इतकं की काचेला पांढरी झालर लावल्यासारखी दिसायला लागली.

आता त्या सिलिकॉनबद्दल एक गोष्ट, लेखात ती असायला हवी होती. लावताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि ते उघड्या लोखंडी पत्र्याला लागलं की गंज धरतो. म्हणजे पाणी अडवायला लावलं आणि त्याच्याच खाली गंजाची सोय करून ठेवली. लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअरचं घ्यावं, ट्यूबवर लिहिलेलं असतं. आम्ही अर्थातच आंबटवालं लावलं होतं, तीनही वेळा.

खरी भानगड काचेची नव्हतीच. बॉनेट संपतं आणि काच सुरू होते त्याच्या मधे एक जाळी असते, बघितली असेल सगळ्यांनी, त्यातून हीटरला बाहेरची हवा मिळते. हवा जाते तिथून पाऊसही जाणारच, झाकण थोडीच आहे त्याला. ज्यांनी गाडी बनवली त्यांना हे पक्कं माहीत होतं म्हणून जाळीच्या खाली पत्र्याची एक पेटी आहे, हीटरकडे जाणाऱ्या भोकाला उंच कडा ठेवलीय, आणि पेटीच्या तळाला एक रबरी नळी लावलीय जी डॅशबोर्डच्या मागून खाली येते, गिअरबॉक्सच्या टनेलमध्ये, म्हणजे दोन सीटच्या मधल्या उंचवट्यात, शिरते आणि गाडीच्या खाली उघडते. पाणी येतं, तळाशी जातं, नळीतून रस्त्यावर पडतं. इतकं साधं. पण त्या नळीत पन्नास वर्षांची पानं, धूळ, मेलेले किडे अडकले की पेटी भरत जाते, कडेच्या वर पाणी चढलं की ते हीटरमध्ये उतरतं आणि हीटरच्या पडद्यांतून सरळ पायावर. म्हणजे काच कितीही चिकटवा, पाणी ज्या दाराने येतंय ते दार मुद्दामच उघडं ठेवलेलं आहे, बंद झालीय ती मोरी.

हे कळलं कसं तर भावाला एके दिवशी काय सुचलं, त्याने जाळीतून एक लिटर पाणी ओतलं आणि मी गाडीखाली टॉर्च घेऊन आडवी झाले. खाली दोन थेंब. तीन थेंब. मग वरून भावाचा आवाज, "ताई, आत येतंय, हीटरमधून येतंय!" तीन वर्षांचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला, आणि हसावं की रडावं तेच कळेना.

(हे करण्याआधी एक खात्री करून घ्या की आत येतंय ते पावसाचंच पाणी आहे. हीटरचा छोटा रेडिएटर गळत असेल तरी कार्पेट तिथेच ओलं होतं. पण ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी असतं, बोटाला बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो आणि काचेवर आतून चिकट वाफ धरते. कोरड्या दिवसातही ओलं होत असेल तर हीटरच बघा, नळीच्या मागे लागू नका. चव घेऊन बघायला जाऊ नका, कूलंट विषारी असतं.)

मग आम्ही मूर्खपणा केला तो सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणी करू नये. नळी तुंबलीय म्हटल्यावर मेकॅनिकने खालच्या टोकाला हवेचं नोझल लावलं आणि दाबलं. आतून खट्ट असा आवाज आला. पानं काही वर आली नाहीत. पुढच्या पावसात कार्पेट आधीपेक्षा दुप्पट ओलं, आणि आता तर हीटरमधूनही नाही, मधल्या कन्सोलच्या मागूनच धार. नळी इतकी कडक झाली होती की हवेच्या दाबाने मधेच फुटली, म्हणजे आता पेटीतलं सगळं पाणी गटारात जायच्या ऐवजी बैठकीच्या खोलीत. एक गोष्ट लक्षात घ्या, तुंबलेली नळी आणि वाळलेली नळी हे दोन वेगळे आजार आहेत आणि जुन्या गाडीत ते बहुतेक वेळा एकत्रच नांदतात. पहिला बरा करायला जाल तर दुसरा उघडा पडतो. म्हणून तुंबलेली मोकळी करायचीच असेल तर जाड नायलॉनची तार घ्या, गवत कापायच्या मशीनमध्ये असते तशी, टोक जाळून गोल करा आणि हलक्या हाताने फिरवत सोडा. लोखंडी तार नको, कडक रबरातून ती आरपार जाते. पण माझं मत विचाराल तर गाडी पन्नास वर्षांची आणि नळीही तेवढीच असेल तर साफ करत बसूच नका, बदलाच.

कन्सोल काढला, टनेलवरचं कार्पेट सोललं, तेव्हा ती नळी दिसली. वरून काळी, ठीकठाक दिसत होती. हात लावला आणि बोटाच्या मधे खडूसारखी मोडली. जिथे वळण होतं तिथे बाहेरच्या बाजूला आडव्या बारीक चिरा, एकीला एक लागून, जणू कुणी ब्लेडने मोजून मारल्यात. त्या चिरा ओझोनच्या. हवेत थोडासा ओझोन असतोच आणि तो रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो, त्यातही रबर जिथे ताणलेलं असेल तिथे आधी, आणि चीर नेहमी ताणाला आडवी जाते, म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला. आणि कडकपणा येतो तो उष्णतेने. कच्चं रबर गंधकाबरोबर तापवलं की त्याच्या साखळ्या एकमेकींना गाठी मारून घट्ट होतात, हे चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडलं आणि त्यावर सगळा रबराचा धंदा उभा राहिला. पण कारखान्यातून बाहेर पडल्यावर गाठी पडायच्या थांबत नाहीत ना, ऊन, इंजिनची धग, हवेतला ऑक्सिजन यांनी त्या पडतच जातात, मऊपणासाठी घातलेलं तेल उडून जातं, आणि आमची नळी तर एका बाजूला हीटर दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स अशी अर्धं शतक भाजून निघालेली. तिचा काय दोष.

बदलताना दोन-तीन गोष्टी कळल्या. जुनी नळी ओढून काढू नका. वरचं तोंड ज्या पत्र्याच्या नळकांड्यावर बसवलेलं असतं तो पत्रा पातळ असतो, जोर लावला की वाकतो किंवा सरळ हातात येतो, आणि मग वेल्डिंग. हेअर ड्रायरने नळी गरम करायची, ब्लेडने उभी चीर द्यायची आणि केळीचं साल काढल्यासारखी सोलायची. नळकांडं सँडपेपरने घासून त्यावरचा गंज काढायचा, प्रायमर मारायचा, सुकू द्यायचं. मग व्हर्नियरने माप घ्यायचं, अंदाजपंचे नाही.

नवीन नळी कुठली घ्यायची यावर आमच्या घरात भांडण झालं. भावाला ओरिजिनल हवी होती, म्हणजे त्या काळातली, कंपनीच्या पाकिटातली, न वापरलेली. मिळाली पण एक. पाकीट सुंदर, नळी आत तितकीच कडक. वापरलेली नव्हती म्हणून काय झालं, रबराचं वय पाकिटात बसूनही वाढतंच! टायरवर निदान चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, नळ्यांवर ती प्रत्येक वेळी सापडेलच असं नाही. जुन्या गाड्यांच्या लोकांमध्ये ओरिजिनल या शब्दाचं इतकं वेड आहे की मला कधी कधी वाटतं गाडीत साचलेलं पाणीही 1972 चंच हवं असेल. शेवटी आम्ही ईपीडीएम रबराची नळी घेतली, हल्ली रेडिएटरचे होज आणि दारांची रबरं बहुतेक याच मालाची असतात. याच्या मुख्य साखळीत ते दुहेरी बंधच नसतात त्यामुळे ओझोन त्याचं फारसं काही बिघडवत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी स्वस्तात मिळते, आत काय अडकलंय तेही दिसतं, मोह होतो, पण गरम जागी ती आधी मऊ होऊन वळणावर दबते आणि काही वर्षांत परत कडक होते, म्हणजे पुन्हा तेच.

बसवताना ग्रीस लावू नका, पेट्रोलियमवाल्या ग्रीसने ईपीडीएम फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. वळण सावकाश द्या, नळी कुठे दुमडली की तिथेच पहिलं पान अडकणार. खालचं टोक टनेलच्या भोकातून पुरेसं बाहेर काढा, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा. क्लिप लावायची तर हलकी, इथे प्रेशर काही नाही, पाणी आपल्या वजनाने उतरतं. आणि कार्पेट परत चिकटवण्याआधी पाणी ओतून बघा. आम्ही दोन लिटर ओतलं, खाली ट्रे ठेवला, जवळजवळ सगळं ट्रेमध्ये आलं, आणि एक जाडजूड पान, जे बहुतेक आमच्या आधीच्या मालकाच्या काळातलं.

हे फक्त एमजीबीचं नाही. 1989 मध्ये आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-5 ला टपाच्या मागच्या कोपऱ्यात, सीटच्या मागे, दोन बाजूंना अशीच भोकं आणि नळ्या आहेत, त्या तुंबल्या की पाणी सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात. पोर्शे 944 मध्ये बॅटरीच्या ट्रेपाशी हाच प्रकार. सनरूफवाल्या गाड्यांना तर छताच्या कोपऱ्यांतून खांबांच्या आतून उतरणाऱ्या नळ्या असतात ज्या मालकाला आयुष्यात कधी दिसत नाहीत. आणि ओलं कार्पेट म्हणजे नुसता कुबट वास नाही हो. आधीच्या एमजीएला खाली वेगळी चेसिस होती, एमजीबीला नाही, तिची बॉडी हीच चेसिस, दाराखालच्या सिलमधले तीन-चार पत्रे गाडीचं वजन धरून असतात. कार्पेटखाली पाणी मुरत राहिलं की फरशी जाते, मग सिल जाते, आणि एक दिवस गाडी जॅकवर घेतली की दार बंद होत नाही.

अजून एक, आणि हे पुरवणीत ठळक छापा अशी माझी विनंती आहे. ड्रेनची नळी खडू झाली असेल तर त्याच वयाची पेट्रोलची नळी काय अवस्थेत असेल याचा विचार करा. तिथे कार्पेट भिजत नाही, आग लागते. तिथे ईपीडीएम अजिबात चालत नाही, पेट्रोलने ते फुगून जातं, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोललाही चालेल अशी एसएई जे30 आर9 दर्जाची फ्युएल होज लागते. आम्ही त्याच आठवड्यात दोन्ही बदलल्या. पेट्रोलची नळी वाकवली तर तिलाही वळणावर त्याच आडव्या चिरा होत्या.

तेव्हा तो सिलिकॉनचा सल्ला पुढच्या पुरवणीत दुरुस्त करा, आणि त्याच्या जागी एवढंच लिहा की पावसाळ्याआधी जाळीतून लिटरभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा.

आमची गाडी या वर्षी कोरडी आहे. भाऊ अजून काचेवरची पांढरी झालर खरवडतोय.

आपली नम्र,
एक नियमित वाचक