माझी सीट जागच्या जागी ठेवणाऱ्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

तुमचं नाव मी लिहीत नाही. परवा विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, "नाव कायले टाकता जी, लोकं उगाच फोन करत बसतील." बरं, नाही टाकत. उमरेड रोडवर निंबाच्या झाडाखाली तुमचं गॅरेज आहे, एवढ्यावरून तुम्ही स्वतःला ओळखालच. नाहीतर मुलगा वाचून दाखवेल.

पैसे देताना मी "थँक्यू हं" म्हणाले आणि निघाले. घरी येईपर्यंत घसा दाटून आला होता. क्लचप्लेट बदलून मिळाली म्हणून कोणी रडतं का? म्हणून हे पत्र.

माझी उंची चार फूट दहा इंच. गाडी शिकले एकावन्नाव्या वर्षी, तीही नवरा गेल्यावर, कारण आईला घेऊन कोणाकोणाच्या मिनतवाऱ्या करणार? सीट पार पुढे ओढलेली, खाली निळी उशी, तेव्हा कुठे माझे पाय पोचतात. माझ्या गाडीत दुसरं कोणी बसलं की पहिल्यांदा गुडघा आपटतो, मग हसू येतं. सवय झाली आहे.

फेब्रुवारीत क्लच फार वरून धरायला लागला. पाय जवळजवळ पूर्ण उचलल्याशिवाय गाडी हलेचना, आणि माझ्यासारखीला तो एक इंचही जाणवतो. मी काचेचं दार, एसी आणि फुकट कॉफीवाल्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या मुलानं जॉबकार्डवर "ड्रायव्हिंग हॅबिट" असं लिहिलं, केबल ॲडजस्ट केली, गाडी धुतली आणि फोन लावला तो माझ्या भाच्याला. "मॅडमना सांगा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका." मॅडम त्याच्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या. गाडीत बसायला गेले तर सीट पार मागे ढकललेली, उशी डिकीत जॅकखाली.

मग रामनवमीची गर्दी ओसरल्यावर आईला रामटेकला नेलं. मनसरपर्यंत गाडी बरी चालली. गडाचा चढ लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं किंचाळायचं, गाडी मात्र आईच्या गुडघ्यांच्या चालीनं सरकायची. जळका वास सुटला. आई म्हणाली, "अगं, कुठं पोळी करपली का?" मागून हॉर्न. शेवटी जागा पाहून गाडी वळवली. आईनं खालूनच गडाकडे हात जोडले. कन्हान, कामठी करत हलक्या पायानं कशी घरी आले ते माझं मला माहीत.

त्याच वर्कशॉपनं या वेळी सांगितलं, इंजिन पुलिंग करत नाही, उघडावं लागेल, चाळीस हजार धरून चाला. कॉफी या वेळीही दिली.

तुमच्याकडे मी आले ती मे महिन्याच्या भर दुपारी, आणि तेही ठरवून नाही. वास परत आला म्हणून सावली दिसली तिथं गाडी थांबवली, ती तुमची सावली निघाली. तुम्ही बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारलं, "वास कसा येते जी ताई? वायर जळल्यासारखा का ब्रेक घासल्यासारखा?" तीन महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मग माठातलं पाणी दिलंत, चाकांखाली विटा लावल्यात आणि मला म्हणालात, "तुमीच बसा. गाडी तुमची, पाय तुमचा." हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडलं पाहिजे. मी पाय सोडला, पूर्ण सोडला. इंजिन आपलं घरघरतच राहिलं. "पाहा. प्लेट धरूनच नाही राहिली," तुम्ही म्हणालात, आणि लगेच इंजिन बंद करायला लावलंत, कारण हा प्रयोग पुन्हा पुन्हा करायचा नसतो.

तरीही तुम्ही लगेच प्लेट गेली म्हणून मोकळे झाला नाहीत. पेडल बोटानं दाबून दाखवलंत. वरती थोडी तरी ढील हवी, माझ्या पेडलला ती उरलीच नव्हती. म्हणजे त्या "ॲडजस्ट"मध्ये केबल इतकी ताणून ठेवली होती की मी पाय काढला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहायचा. "आधी ढिली करून पाहू. तेवढ्यानं भागलं तं तुमचे पैसे वाचले." भागलं नाही. पण ज्या कामात चार पैसे मिळणार ते काम टळतंय का हे आधी पाहणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला.

पुढचं फारसं लिहीत नाही, मला ते अर्धंच कळलं. गिअरबॉक्स उतरवावीच लागते, खरी मजुरी तीच, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलायचं, हे पटलं. फ्लायव्हील चांगला आहे, पॉलिश पेपरनं घासून घेतला, त्याचे पैसे नाही, हे तुम्ही आपणहून सांगितलंत. जुनी प्लेट नव्या प्लेटशेजारी वर्तमानपत्रावर ठेवून माझं नख फिरवायला लावलंत. नवीत रिव्हेटी खोल बसलेल्या, जुनीत पार वर आलेल्या.

मी विचारलंच, "माझ्या पायामुळे झालं का?" थोडं झालं, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मेडिकल चौकाच्या सिग्नलवर मी गिअरमध्येच, क्लच दाबून उभी राहते, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरते, हे माझ्या तोंडूनच काढून घेतलंत. सिग्नलला न्यूट्रल करा, चढावर हँडब्रेक वापरा, एवढं बोललात. आणि मग, "घासली तं घासली. थे घासासाठीच बनते जी." तेच तर त्या मुलानंही लिहिलं होतं, "ड्रायव्हिंग हॅबिट". मग त्याचं ऐकून मला अपमान का वाटला आणि तुमचं ऐकून हसू का आलं?

पण या सगळ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. चांगला मेकॅनिक चांगलं काम करतो, त्याचे पैसे मी दिले. सात हजारांच्या आत, वर्कशॉपवाल्यांनी हवं तर ऐकावं.

किल्ली घेऊन मी दार उघडलं आणि सवयीनं सीट पुढे ओढायला हात खाली घातला. सीट पुढेच होती. उशी जागेवर, दबलेली बाजू माझ्याकडे. पाय टाकला, पेडल बरोबर पायाखाली. खाली वाकून पाहिलं तर सीटच्या पट्टीवर पांढऱ्या खडूची एक रेघ. तुम्ही पाना पुसत म्हणालात, "माह्या टांगा लांब हायेत, सीट मागं घेतल्याशिवाय ट्रायल होत नाही. मंग तुमची जागा कशी सापडन? म्हणून खूण केली."

भाऊ, नवरा गेल्यापासून माझी जागा कुठे होती याची खूण करून ठेवणारं कोणी भेटलं नव्हतं.

अशी माणसं असतात, मी पाहिली आहेत. म्हातारी बसेपर्यंत बेल न मारणारा कंडक्टर. आपणच निवडून दिलेल्या संत्र्यांतलं मऊ पडलेलं एक परत काढून घेणारा कॉटन मार्केटचा फळवाला. त्यांना हे कोणी शिकवलेलं नसतं, आणि जॉबकार्डवर त्यासाठी रकानाही नसतो.

मागच्या रविवारी आईला गडावर नेलं. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गुपचूप चढली. वर आई मला रामाआधी तुमच्याबद्दलच विचारत होती. प्रसादाचा डबा तुमच्या मुलाजवळ दिला आहे, तो परत करायची घाई नाही.

आणि हो, ती रेघ पुसट होत चालली होती. शाळेतून खडू आणून मी ती परत गिरवली.

तुमची,
निळ्या उशीवाली ताई