रावणाला मारण्यात आले!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आपल्या शहर पानावर चौकटीत बातमी होती : 'जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे.' आमच्या सौभाग्यवतींनी ती वाचली, पिंप भरायला लावले आणि विचारले, "म्हणजे पाणी येणार की नाही येणार?" पाणी येणार नव्हते, वाक्यात मात्र 'येणार' होते.

'येणे' हे किती साधे क्रियापद! पाऊस येतो, पाहुणे येतात, रडू येते, पोराला पोहता येते. वर्तमानपत्रांनी त्याला भलत्याच कामाला जुंपले आहे. खड्डे बुजवण्यात येतात, झाडे तोडण्यात येतात, निविदा रद्द करण्यात येते, चौकशीचे आदेश देण्यात येतात. कर्म आहे, क्रिया आहे, कर्ता तेवढा रजेवर.

मी 31 वर्षे शाळेत मराठी शिकवले. नवीन कर्मणी प्रयोगाचे उदाहरण ठरलेले असायचे : 'रावण रामाकडून मारला गेला.' वाक्य ओढूनताणून केलेले, इंग्रजी वळणाचे. मुले हसायची. पण त्यात राम होता! हीच घटना आज बातमीत आली तर 'रावणाला मारण्यात आले' एवढेच छापून येईल, आणि मागे 'असे सूत्रांकडून सांगण्यात आले' ही शेपटी.

ही भाषा बातमीदारांनी शोधलेली नाही, हे मला ठाऊक आहे. 'याद्वारे कळविण्यात येते की' हा परिपत्रकाचा थाट. निर्णय उद्या अंगाशी आला तर नाव नको, म्हणून कार्यालय असे लिहिते. प्रेसनोट संध्याकाळी हाती पडते, पान लावायची घाई असते, वाक्य जसेच्या तसे उतरते. कार्यालयाचे एक वेळ समजू शकतो. पण माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने (2005) कलम 4 मध्ये अधिकाऱ्यांची यादी, त्यांची कर्तव्ये, निर्णय घेण्याची पद्धत हे सगळे कार्यालयांना आपणहून जाहीर करायला सांगितले आहे. कायदा जे उघड करायला लावतो, ते बातमीने का गिळावे?

प्रत्येक वाक्यात कर्ता कोंबावा असे माझे म्हणणे नाही. 'जखमींना रुग्णालयात दाखल करण्यात आले' हे चालते. (अर्थात त्यांना एखाद्या रिक्षावाल्याने उचलून नेले असेल, तर ते वाचायला मला आवडेल.) मला खटकतो तो दुजाभाव. उद्घाटनाची बातमी काढून पाहा : अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांची प्रमुख उपस्थिती, शिवाय व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावे. फीत कापणारा हात फोटोसकट दिसतो. त्याच रस्त्यासाठी वडाची झाडे कापायला कोणी परवानगी दिली, ते आम्ही ओळखून घ्यायचे.

ही लागण आता फलकांनाही झाली आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोदून ठेवला आहे. शेजारी पाटी : 'गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.' नेमके दिलगीर कोण, हे विचारायला मी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला मुकादम भेटला. म्हणाला, "काका, मला काय माहीत? पाटी हापिसातनं आलीय."

आपण एकदम सगळे बदलाल अशी अपेक्षा नाही. निदान पाण्याच्या बातमीपासून सुरुवात करा. 'पाणीपुरवठा विभागाचे कार्यकारी अभियंता गुरुवारी पाणी बंद ठेवणार आहेत' असे छापलेत, तर शुक्रवारीही नळ कोरडा राहिल्यावर फोन कोणाला करायचा, ते आम्हाला कळेल.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, सातारा